राखणीचा प्रश्न : एकटे मूल, पालक आणि कायदा

मार्च २०२४ मध्ये वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात, पाण्याच्या उघड्या टाकीत पडून, जवळच राहणाऱ्या एका कुटुंबातील चार आणि पाच वर्षांचे दोन सख्खे भाऊ मरण पावले. आणि त्या घटनेला पुरते सहा आठवडेही लोटले नव्हते तोच, तेथून फारशा दूर नसलेल्या अँटॉप हिल येथे, उभ्या करून ठेवलेल्या एका मोटारीत खेळता खेळता अडकलेली पाच आणि सात वर्षांची भावंडे गुदमरून गेली. अशी वार्ता सकाळच्या वर्तमानपत्रात आली की लोकलच्या डब्यात, कचेरीत आणि चाळीच्या कठड्यापाशी जो पहिला प्रश्न उठतो तो टाकीच्या झाकणाविषयी किंवा मोटारीच्या उघड्या राहिलेल्या दाराविषयी क्वचितच असतो; 'आईबाप कुठे होते?' एवढेच लोक विचारतात, आणि त्यापाठोपाठ, पालकांवरच खटला भरला पाहिजे, असा एक निकालही उभ्या उभ्या देऊन टाकतात. हा निकाल देणाऱ्यांपैकी बहुतेकांची अशी प्रामाणिक समजूत असते की, अमुक वर्षांखालील मुलास सार्वजनिक जागी एकटे सोडू नये आणि सोडल्यास अमुक शिक्षा व्हावी, असे एखादे कलम आपल्या कायद्याच्या पुस्तकात कुठेतरी असलेच पाहिजे. तसे कलम नाही. जे आहे ते निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हेतूंनी घातलेले असून निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले आहे. म्हणून, ते एकत्र मांडून, त्याचा आपल्या गिरगाव-परळ-लालबागच्या जीवनाशी कितपत मेळ बसतो हे पाहण्याचा येथे विचार आहे.

मुलाबाळांच्या पोषणाची जबाबदारी टाळणाऱ्यास राजाने दंड करावा, ही कल्पना आपल्याकडे काही इंग्रजांनी आणली नाही. सामर्थ्य असूनही बायकामुलांचे पोषण न करणाऱ्यास बारा पणांचा दंड कौटिल्याने सांगून ठेवला आहे. परंतु पोषण करणे निराळे आणि राखण करणे निराळे, आणि राखणीचा विचार फौजदारी कायद्यात प्रथम आला तो १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३१७ मध्ये, आणि तोही अगदी टोकाच्या रूपात. बारा वर्षांखालील मुलास, त्याचा कायमचा त्याग करण्याच्या उद्देशाने, बापाने, आईने वा राखण करणाऱ्या अन्य इसमाने कोठे उघड्यावर टाकले किंवा सोडून दिले तर सात वर्षांपर्यंत कैद, असे ते कलम होते. आज तेच कलम भारतीय न्यायसंहितेत ९३ क्रमांकाने, १ जुलै २०२४ पासून, जवळजवळ शब्दशः नांदत आहे. यातील कायमच्या त्यागाचा उद्देश ही अट फार मोलाची आहे. दादरच्या फूलबाजारात मूल पाटीशेजारी बसवून गिऱ्हाईक करणारी बाई, किंवा मुलास फलाटावरील बाकावर बसवून तिकिटाच्या रांगेत उभा राहिलेला बाप, यांना या कलमाची झळ लागू शकत नाही; कारण परत येण्याचा इरादा जेथे आहे तेथे त्याग नाही.

हे कलम ज्या काळात आले त्या काळात त्याचा खरा रोख कोणावर होता हे ओळखण्यास फार तर्क लढवावा लागत नाही. पुनर्विवाहाची वाट समाजाने बंद केलेली आणि पाऊल वाकडे पडले की जिणे अशक्य झालेली उच्चवर्णीय विधवा हीच बहुधा या कलमाची आरोपी व्हायची. म्हणून, सरकारने शिक्षा ठरविल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. आणि गिरगावातील प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये पंढरपुरास बालकाश्रम उघडला, तो पुढे नवरंगे बालकाश्रम या नावाने प्रसिद्धीस आला. कायद्याने ज्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले त्यांच्या मुलांसाठी समाजातील थोड्या शहाण्या माणसांनी दार उघडले, आणि या विषयाच्या इतिहासात जे काही टिकाऊ काम झाले ते दंडाच्या बाजूने झालेले नसून त्या उघडलेल्या दाराच्या बाजूने झालेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आजच्या बालन्याय कायद्याचे कलम ३५ याच परंपरेतले म्हणावे लागेल. मूल सांभाळणे ज्यांना अशक्य आहे अशा मातापित्यांनी ते बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवावे, आणि विचार बदलल्यास दोन महिन्यांच्या आत परत मागावे, अशी तजवीज त्यात आहे. पण तिची वार्ता तिच्या खऱ्या गरजूंपर्यंत पोचविण्याची तसदी कोणी घेतलेली दिसत नाही.

त्याग नव्हे पण हयगय, हा जो दुसरा आणि अधिक नाजूक प्रकार, त्याचा कायदा इंग्लंडातून आला. १८८९ साली तेथे बालकांवरील क्रौर्याच्या प्रतिबंधाचा जो कायदा झाला त्याची भाषा आपल्याकडे १९२४ च्या मुंबई बालक कायद्यातून पुढे वाहत आली. त्या कायद्याच्या अंमलासाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या आवारात, डोंगरीस, रिमांड होम सुरू झाले. गिरणगावातील मुलांच्या दोन पिढ्यांना 'डोंगरीला धाडीन' ही धमकी घरात ऐकावी लागे, यावरून त्या संस्थेविषयी लोकांत दयेपेक्षा दहशतच अधिक होती हे उघड आहे. पुढे १९४८ चा मुंबईचा कायदा, १९८६ चा पहिला अखिल भारतीय बालन्याय कायदा, २००० चा दुसरा आणि २०१५ चा तिसरा, अशी ही मालिका आहे. आणि पहिल्या दोन अखिल भारतीय कायद्यांत हयगयीस सहा महिन्यांपर्यंत कैद होती, ती २०१५ च्या कलम ७५ ने तीन वर्षांपर्यंत नेली, आणि दंड एक लाख रुपयांपर्यंत नेला. ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात वा नियंत्रणात मूल आहे त्याने त्यावर हल्ला केला, त्यास टाकले, छळले, उघड्यावर सोडले किंवा त्याची बुद्धिपुरस्सर उपेक्षा केली, आणि त्यामुळे मुलास नाहक शारीरिक वा मानसिक यातना होण्याचा संभव असला, तर हे कलम लागते.

या कलमास एक परंतुक आहे, आणि ते या विषयाचा कणा आहे असे म्हटले तरी चालेल. जन्मदात्या मातापित्यांनी आपल्या आवाक्याबाहेरील परिस्थितीमुळे मुलाचा त्याग केला असेल, तर तो बुद्धिपुरस्सर नव्हता असे गृहीत धरावे आणि दंडाची तरतूद त्यांना लागू करू नये, असे ते सांगते. कायदेमंडळाने दारिद्र्यास अपराध न मानण्याचा हा जो विवेक दाखविला तो प्रशंसनीय आहे. परंतु त्याच परंतुकाचे शब्द काटेकोरपणे वाचले असता असे दिसते की, त्याने संरक्षण दिले आहे ते त्यागाला, उपेक्षेला नाही. म्हणजे मूल कायमचे टाकून देणाऱ्या असहाय आईस कायदा क्षमा करील, आणि चार घरची धुणीभांडी उरकण्यासाठी मूल दोन तास गल्लीत सोडून जाणाऱ्या आईस मात्र, आपली उपेक्षा बुद्धिपुरस्सर नव्हती हे न्यायासनापुढे पटवीत बसावे लागेल. मसुदा करणाऱ्यांचा असा हेतू असेल हे संभवत नाही, पण अर्थ तसा निघतो खरा.

आता ज्या नगरात हा कायदा वागवायचा त्याकडे वळू. परळ-लालबागचा कामगार मूल कोणाच्या भरवशावर ठेवून गिरणीत जात असे, या प्रश्नाचे विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे उत्तर अंगावर काटा आणणारे आहे. त्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे पंचमांश स्त्रिया होत्या, आणि १९२२ साली त्यांच्या स्थितीची सरकारतर्फे पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या बाईंनी नोंदविले आहे की, कामकरी स्त्रियांच्या शंभर अर्भकांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू चारली जात असे. 'बाळगोळी' हे तिचे बाजारातील गोड नाव. गोळी दिली की मूल निपचित पडून राही, आई पाळी भरून परत येईपर्यंत हंबरडा फोडीत नसे आणि कोठे रांगत जाऊन पडतही नसे. आजच्या कलम ७५ च्या मोजपट्टीने मापायचे ठरविल्यास अख्खे गिरणगाव आरोपी ठरले असते. प्रत्यक्षात अपराध कोणाचा होता? दहा तासांची पाळी लावणाऱ्या मालकाचा, पाळणाघराचा खर्च नको म्हणणाऱ्या मंडळाचा, की पगार कापला जाईल या धास्तीने मुलाला गोळी देणाऱ्या बाईचा? कायद्याने याचे उत्तर कालांतराने दिले, आणि ते आईविरुद्ध दिले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४८ ने, पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे कामास असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर मालकाने ठेवावे असे बंधन घातले, आणि १९७६ मध्ये तो आकडा तीसवर आणला. परंतु मधल्या काळात गिरण्यांतून स्त्रियांची संख्याच इतकी रोडावत गेली की, संख्येवर बांधलेली ही तरतूद बहुतेक खात्यांत कागदावरच राहिली. आणि १९८२ च्या संपानंतर तर गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या. २०१७ च्या मातृत्वलाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली आहे, पण घरकाम करणारी, भाजी विकणारी, शिलाई करणारी जी बाई आज या भागात बहुसंख्य आहे तिला आस्थापनाच नाही.

मग मुले सांभाळली कोणी? चाळीने सांभाळली, असे उत्तर देण्याचा आपल्याला मोह होतो, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. गिरगावातील केशवजी नाईकांची चाळ घ्या, की १९२० नंतरच्या काही वर्षांत उठविलेल्या नायगाव-वरळी-डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी घ्या; एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत मूल कोंडून ठेवणे शक्यच नव्हते, आणि खोलीबाहेर पडलेले मूल गॅलरीत, जिन्यात वा चौकात कोणाच्या ना कोणाच्या नजरेखाली असे. 'जरा बाळ्याकडे लक्ष असू द्या हं, काकू,' एवढ्या एका वाक्यावर ताबा या कायद्याच्या शब्दाचा अंमल एका बिऱ्हाडाकडून दुसऱ्या बिऱ्हाडाकडे जाई. त्यास ना लेख, ना साक्षी. आता ताबा खरोखरच काकूंकडे गेला काय, आणि काकू दूध उतू जाते म्हणून आत गेल्या असता मूल कठड्यावरून पडले तर कलम ७५ काकूंना लागेल काय, हा प्रश्न वकिलांच्या करमणुकीचा वाटेल. पण ताबा 'प्रत्यक्ष' असावा असे कलमच म्हणते, आणि तो त्या घटकेला कोणाचा होता हे ठरविल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या शेजारधर्माचे गोडवे गाताना त्याचे काळे अंगही विसरू नये. चाळीच्या नजरेने जितकी मुले राखली तितक्याच काही गोष्टी, घराण्याची अब्रू म्हणून, झाकूनही टाकल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतील साडेपाचशेंहून अधिक कुटुंबांना नव्या उत्तुंग इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या; जागा तिपटीने वाढली, संडास घरात आला, आणि दार लावून घेण्याची सोयही आली. दार लागले की काकू संपल्या. कायद्याने ज्या राखणीची कधी दखलही घेतली नव्हती ती राखण अशा रीतीने नाहीशी होत असता, पालकांवरील कायदेशीर भार मात्र आहे तितकाच राहतो, किंबहुना वाढतो.

आणखी एक विसंगती. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालक प्रथम बाप आणि त्यानंतर आई; लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना आपली सही पालक म्हणून चालेना, तेव्हा दाद मागितली, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईच्या अधिकाराचा अर्थ उदार केला, तोवर बाप हयात असता आईची सही कागदोपत्री जवळजवळ निरुपयोगी होती. सहीच्या वेळी बाप अग्रक्रमाने पालक. मूल हरवले वा पडले की विचारणा मात्र, 'आई काय करीत होती?' वर्तमानपत्रांतील मथळे चाळून पाहावेत, बापाच्या ठावठिकाणाची चौकशी त्यांत अभावानेच आढळेल.

फौजदारी बाजू सोडून दिवाणी बाजूकडे आले की प्रश्न बदलतो. तेथे मुद्दा शिक्षेचा नसून, जागा ज्याच्या ताब्यात होती त्याची जबाबदारी कोठे संपते आणि पालकाची कोठे सुरू होते, हा असतो. आणि यावर ब्रिटिश न्यायालयांनी दोन टोकांचे दोन निवाडे देऊन ठेवले आहेत. ग्लासगोच्या सार्वजनिक बागेत विषारी फळे खाऊन सात वर्षांचा मुलगा मेला तेव्हा, मुलांना भुरळ घालणारी धोक्याची वस्तू कुंपणाविना आणि सूचनेविना ठेवणारे नगरमंडळ आपली जबाबदारी झटकू शकत नाही, असे लॉर्डसभेने ठरविले. उलट, १९५५ मध्ये रोचेस्टरच्या नगरमंडळाविरुद्धच्या दाव्यात, सात वर्षांच्या बहिणीबरोबर रानफळे वेचावयास गेलेला पाच वर्षांचा मुलगा चरात पडला असता, न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी नगरमंडळास मोकळे सोडले, आणि लहानग्यांच्या सुरक्षिततेचा प्रधान भार मातापित्यांवरच राहिला पाहिजे, जमीनमालकांवर तो ढकलता येणार नाही, असे सांगितले. मात्र डेव्हलिनसाहेबांनी बांधकामाच्या मोकळ्या रानाविषयी लिहिले होते, मुलांसाठीच राखलेल्या बागेविषयी नव्हे, हे विसरून त्यांचा निवाडा आपल्याकडे वापरला गेल्यास अनर्थ होईल. वडाळ्याचे उद्यान हे ग्लासगोच्या पंक्तीतले प्रकरण आहे. ज्या जागेत मुलांनी यावे म्हणून ती जागा राखली, त्या जागेत मूल एकटे का आले असा सवाल जागा राखणाऱ्याने करणे शोभत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने हे नेमके ओळखले, याचे समाधान वाटते. एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती कमल खाता यांच्या खंडपीठाने वडाळ्याच्या घटनेची स्वतःहून दखल घेतली, आणि या नगरात मनुष्याच्या जिवाचे मोल काय, व अंदाजपत्रकात पैसा नाही ही सबब किमान सुरक्षिततेच्या बाबतीत कधी ऐकून घेता येईल काय, असे रोखठोक विचारले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ६१ मध्ये पालिकेच्या ज्या अवश्य कर्तव्यांची यादी आहे तीत धोकादायक जागा सुरक्षित करणे हे कर्तव्य पूर्वीपासूनच आहे. जुलै २०१९ मध्ये गोरेगावात रात्री घराबाहेर आलेले एक चिमुरडे उघड्या गटारात पडले, कॅमेऱ्याने ते दृश्य टिपले, दिवसेंदिवस शोध चालला आणि मूल सापडले नाही. तेव्हाही गटार उघडे का हा प्रश्न, मूल बाहेर का या प्रश्नाच्या आरड्याओरड्यात काही काळ बुडून गेला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रस्त्यांतील खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू आल्यास वारसांना सहा लाख रुपये नुकसानभरपाई द्यावी असा हुकूम केला, त्यामुळे निदान या एका बाबतीत तरी जबाबदारीस दर लागू झाला आहे. आणि जेथे घरच नाही तेथे काय? २०२५ च्याच गणेशोत्सवाच्या अखेरीस लालबागच्या राजाच्या प्रवेशद्वाराजवळ पदपथावर झोपलेल्या दोन मुलांना एका वाहनाने चिरडले, त्यात दोन वर्षांची मुलगी दगावली. तिचे आईबाप कुठे होते, असे विचारण्याची प्राज्ञा नाही. ते तेथेच, त्याच पदपथावर राहत होते.

अपघाताच्या दाव्यांत विमा कंपन्यांचे वकील एक युक्तिवाद हटकून करतात: मूल रस्त्यावर मोकळे सोडले, सबब पालकांचाही दोष, सबब भरपाईत काट. १८५८ मध्ये इंग्लंडात, आजीबरोबर रूळ ओलांडणाऱ्या पाच वर्षांच्या जखमी बालकास, आजीचा निष्काळजीपणा तो बालकाचाच निष्काळजीपणा असे मानून, एक पैही मिळू दिली नव्हती. ते तत्त्व तेथे १८८८ मध्येच मोडीत निघाले. बालकाच्या स्वतःच्या हक्कास पालकाच्या चुकीने बाध येऊ नये हे उचित आहे. आपल्या न्यायाधिकरणांपुढे तो युक्तिवाद अजून अधूनमधून डोके वर काढतो, एवढेच.

गर्दीत हरवणारी मुले हा या भागाचा वार्षिक विषय. लालबाग आणि गणेशगल्लीच्या रांगांत, अनंत चतुर्दशीस गिरगाव चौपाटीवर, आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जो जनसागर लोटतो त्यात मुले हातातून सुटणारच. मंडपातील ध्वनिक्षेपकावरून मुलाच्या सदऱ्याचा रंग पुकारला जातो, आई धावत येते, हवालदार ओळख पटवून मूल हवाली करतो आणि दोन शब्द सुनावतो. खटला भरण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, आणि येऊ नये. मात्र मूल सापडले नाही तर काय, याविषयी पूर्वी पोलीस दफ्तरात केवळ 'हरवल्याची' नोंद होऊन प्रकरण थंड पडे. १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्येक हरवलेल्या मुलाच्या बाबतीत अपहरणाचा संशय धरून प्रथम खबर नोंदवावी असा दंडक घातला. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की, आकडेवारीत अपहरणे एकदम फुगलेली दिसू लागली आणि पालकांच्या मनातील भीती वाढली. त्या भीतीस महाराष्ट्रात जुने कारणही आहे. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी गर्दीच्या ठिकाणांहून लहान मुले पळवून त्यांतील काहींना ठार केले, ते प्रकरण अजून लोकांच्या स्मरणातून गेलेले नाही. तथापि, अशा अघोरी अपवादावरून रोजच्या वागण्याचा कायदा घडवू नये.

येथपर्यंत ज्यांची बाजू घेतली त्यांच्याहून निराळा एक पालकवर्ग आहे, आणि त्याच्याविषयी माझे मत कठोर आहे. मूल नजरेआड झाले म्हणून नव्हे, तर डोळ्यांदेखत, कौतुकाने, धोक्यात घातले म्हणून जो दोषी ठरतो, तो हा वर्ग. दहीहंडीच्या सातव्या-आठव्या थरावर, वजनाने हलके म्हणून, सहा-सात वर्षांचे पोर चढविण्याची प्रथा दादर-लालबाग-गिरगावच्या गोविंदा पथकांत फोफावली तेव्हा खाली टाळ्या वाजविणाऱ्यांत त्या पोराचे आईबापही असत. उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांस मज्जाव आणि वीस फुटांची मर्यादा घातली. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आला, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये, चौदा वर्षांखालील मुले थरांत असणार नाहीत या सरकारच्या ग्वाहीवर उंचीची अट सुटली. ग्वाही सरकारने दिली, पालकाने नव्हे; म्हणून मोडली गेली तर पथकावर कारवाई होते, बापास कोणी विचारीत नाही.

मोटारीच्या बाबतीत मात्र कायद्याने बापास सोडलेले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९९अ सांगते की, अज्ञान मुलाने वाहन चालवून अपराध केल्यास पालक वा वाहनमालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलास पंचविसावे वर्ष संपेपर्यंत परवाना नाही. पालकाची संमती होती असे न्यायालय गृहीतच धरते. नव्हती हे सिद्ध करणे पालकाकडे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या हातातील परदेशी मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा त्याच्या बापावर वर आलेल्या बालन्याय कायद्याची ७५ आणि ७७ ही कलमे लावण्यात आली. पालकास बांधून घेण्याची ही युक्ती तशी नवी नाही. १८९० च्या रेल्वे कायद्यात, गाडीवर दगड मारणाऱ्या बारा वर्षांखालील मुलाच्या बापाकडून, पुन्हा असे होऊ देणार नाही असा मुचलका लिहून घेण्याचा अधिकार न्यायाधीशास होता. मुलगा असल्यास त्याला फटके मारण्याचाही होता, तो काळाबरोबर गेला हे बरे झाले. आणि राखण शाळेकडे सोपविली असता जबाबदारीही तिच्याकडे जाते, हे १९९५ मध्ये बियास नदीवर सहलीस गेलेली पठाणकोटजवळच्या शाळेची चौदा मुले बुडाली त्या प्रकरणी, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देऊन, निर्विवाद केले आहे.

दादर-गिरगावातून परदेशी गेलेल्या कुटुंबांना वेगळाच अनुभव येतो. न्यूझीलंडात चौदा वर्षांखालील मुलास योग्य देखरेखीशिवाय सोडणे हा दोन हजार डॉलरांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात बारा वर्षांखालील मूल अवाजवी वेळ एकटे ठेवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. इंग्लंडने १९३३ च्या कायद्यात वय मुद्दाम घातलेले नाही. अमेरिकेत, बागेत वा रस्त्यावर एकट्या दिसलेल्या मुलांच्या पालकांमागे पोलिसांचा ससेमिरा लागू लागल्यावर, यूटा राज्याने २०१८ मध्ये उलट दिशेचा कायदा केला. समंजस वयाचे मूल एकटे शाळेत जाणे, बागेत खेळणे म्हणजे उपेक्षा नव्हे, असे त्यास लिहून सांगावे लागले. जी गोष्ट बालमोहनच्या किंवा चिकित्सक समूहाच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान् पिढ्या सहज मिळाली तिच्यासाठी विधिमंडळाची बैठक भरवावी लागावी, हे पाहून कायद्याने वयाची रेघ मारण्याच्या मोहात आपण पडू नये असेच वाटते. आपल्याकडे सहा वर्षांचे मूल बारा वर्षांच्या ताईच्या कडेवर मोठे होते. चौदाची रेघ मारली तर ताईही गुन्ह्याचा विषय होईल आणि तिची आई आरोपी.

तेव्हा नवे दंडकलम नको, हे माझे मत. हवी आहे ती कलम ७५ च्या परंतुकाची दुरुस्ती. परिस्थितीवश झालेल्या त्यागास जे संरक्षण आहे ते परिस्थितीवश घडलेल्या उपेक्षेसही स्पष्ट शब्दांत द्यावे, आणि पालकावर फिर्याद नोंदण्यापूर्वी बालकल्याण समितीचा अहवाल घेणे बंधनकारक करावे. कारण मुलाच्या संगोपनाचा पहिला अधिकार कुटुंबाचा आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, हे त्याच कायद्याच्या कलम ३ चे तत्त्व आहे. मृत वा जखमी मुलाच्या आईबापावर हात टाकण्याआधी टाकीचे, गटाराचे वा वाहनाचे ताबाधारक कोण याचा पंचनामा व्हावा. गोविंदा पथकांबाबतची ग्वाही पालकांकडूनही मुचलक्याच्या रूपाने घ्यावी. महानगरपालिकेने आपल्या मंडयांत आणि पुनर्वसनाच्या नव्या इमारतींत, घरकाम आणि फेरीचा धंदा करणाऱ्या बायकांच्या वेळा पाहून, पाळणाघरे काढावीत; भूखंड आणि चटईक्षेत्र यांचे हिशेब मांडणाऱ्यांना एक खोली काढणे जड नाही.

वाचकांनी आपल्यापुरते एवढे लक्षात ठेवावे. टाकलेले वा हरवलेले दिसणारे मूल जो कोणी आपल्या ताब्यात घेईल त्याने, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत १०९८ या क्रमांकावर, जवळच्या ठाण्यात किंवा बालकल्याण समितीस इत्तला दिली पाहिजे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.